रीलोडिंग प्रेसची निगा आणि वंगण

अमेरिकेतील अनेक नेमबाज घरी काडतुसे पुन्हा भरण्यासाठी आरसीबीएस कंपनीच्या रॉक चकरसारखा ओतीव लोखंडाचा प्रेस, म्हणजे हँडलने चालणारे दाबयंत्र, वापरतात. त्याची सर्वाधिक झीज वापरलेल्या प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडातील, दारू पेटवणारी छोटी टोपी) झडणाऱ्या खरखरीत काजळीमुळे होते, कारण ती तेलात मिसळली की रॅमवर (काडतूस वर नेणाऱ्या दांड्यावर) पॉलिश पेपरसारखी घासत राहते. म्हणून बाकावरची बंदुकीची दारू व प्रायमर आधी दूर ठेवून, रॅम पूर्ण वर नेऊन तो चिंधीने कोरडा पुसावा आणि मगच हलक्या यंत्रतेलाचे एक-दोन थेंब लावून, हँडल वरखाली करून, ओघळलेले तेल टिपून घ्यावे. या काजळीत शिसे असते. ती फुंकून मुळीच उडवू नये, हातमोजे घालावेत. सांध्यांच्या पिनांना थेंबभर तेल पुरते. तेलकट बोटांनी नव्या प्रायमरला मात्र कधीही स्पर्श करू नये, कारण तेलाने तो निकामी होऊ शकतो.