पोटगीच्या दाव्यात जोडीदाराचं खरं उत्पन्न काढायला लेखी प्रश्न कसे तयार करायचे

मी नाशिकला सीए आहे. घटस्फोटाच्या आणि पोटगीच्या केसेस चालवणारे वकील समोरच्याचं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र माझ्याकडे पाठवतात. त्यावर कोणते प्रश्न विचारायचे, ते मी लिहून देते. ही सोय कायद्यात असूनही फार कमी पक्षकारांना माहीत असते. वर्षानुवर्षं उलटतपासणीची वाट बघत बसलेल्या बायका मी पाहते आणि जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडे लग्नानंतर कमावलेली मालमत्ता घटस्फोटात आपोआप निम्मीनिम्मी होत नाही. अंतरिम (केस चालू असतानाची) पोटगी किती आणि कायमची पोटगी किती, हे बरंचसं दोघांच्या खऱ्या उत्पन्नावर ठरतं. म्हणून ते उत्पन्न कागदावर येणं हाच अर्धा खटला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असं सांगितलं. त्याच निकालात असंही आहे की प्रतिज्ञापत्रातल्या माहितीबद्दल वाद असेल, तर कोर्टाची परवानगी घेऊन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली समोरच्याला लेखी प्रश्नावली देता येते आणि कागदपत्रंही मागता येतात. वकील तिला इंटरॉगेटरीज म्हणतात. परवानगीच्या अर्जासोबत प्रश्नही जोडावे लागतात. कोर्टाने मंजूर केलेल्या प्रश्नांची उत्तरं शपथेवर, साधारण दहा दिवसांत किंवा कोर्ट देईल त्या मुदतीत द्यायची असतात. कोर्टाच्या हुकमाशिवाय एका पक्षाला दुसरा संच देता येत नाही. म्हणून पहिलाच संच नीट विचार करून लिहा.

प्रश्न लिहायला बसण्याआधी हातात काय आहे ते गोळा करा. जुनी संयुक्त खात्याची स्टेटमेंट, गृहकर्जाचे कागद, शाळेच्या फीच्या पावत्या, विम्याचे हप्ते, महाभूमीवरचा सातबारा, नोंदणी विभागाच्या साइटवरचा इंडेक्स दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा). नवऱ्याचा पासवर्ड किंवा ओटीपी वापरून त्याच्या आयकर पोर्टलवर किंवा ईमेलमध्ये शिरू नका. त्यातून तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि त्याची गरजही नसते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र आहे आणि प्रतिज्ञापत्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख २० हजार लिहिलं आहे. हा आकडा पाहिला की मी पहिल्यांदा त्याला आठ टक्क्यांनी तपासते. ४० लाखांच्या विक्रीचे आठ टक्के बरोबर ३ लाख २० हजार होतात. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम ४४एडी खाली छोट्या व्यापाऱ्याला विक्रीच्या किमान आठ टक्के (डिजिटल पद्धतीने आलेल्या रकमेवर सहा टक्के) नफा दाखवून रिटर्न भरता येतं, सविस्तर हिशेब न ठेवता. म्हणजे हा आकडा मोजलेला नफा नसून धरलेला नफा असू शकतो. प्रत्यक्ष नफा जास्तही असू शकतो. मग "तुमचं खरं उत्पन्न किती?" हा प्रश्न वाया जातो, कारण तो पुन्हा ३ लाख २० हजारच लिहील. त्याऐवजी असं विचारा:

"आर्थिक वर्ष २०२३-२४ चे रिटर्न आपण कलम ४४एडी खाली भरले आहे काय? त्या वर्षाच्या जीएसटी विवरणपत्रांनुसार एकूण विक्री किती? त्याच वर्षात दुकानाच्या प्रत्येक बँक खात्यात एकूण किती रक्कम जमा झाली? खातेनिहाय सांगावे."

त्याच प्रतिज्ञापत्रात गाडीच्या कर्जाचा दरमहा २८ हजारांचा हप्ता दिसतो. वर्षाचे ३ लाख ३६ हजार झाले. नुसता हप्ताच उत्पन्नापेक्षा मोठा! इथे "एवढा हप्ता कसा भरता?" असं विचारू नका, ते वाद घालणं झालं. असं लिहा:

"सदर वाहनाच्या कर्जाचा हप्ता १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळात कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यातून भरला गेला? ते खाते कोणाच्या नावे आहे? आपल्या नावे नसल्यास खातेधारकाशी आपले नाते काय, आणि त्याने ही रक्कम कर्ज म्हणून दिली, भेट म्हणून की अन्य कारणाने?"

यात पळवाट उरत नाही. वडिलांचं खातं म्हटलं, तर घरून नियमित मदत येते हे शपथेवर आलं. दुकानाचं खातं म्हटलं, तर दुकान त्याचा खासगी खर्च उचलतं हे आलं. आणि प्रत्येक उत्तरामागे बँकेचा कागद आहे, तो पुढे मागवता येतो. माझ्या मते चांगल्या प्रश्नाची कसोटी हीच: एक काळ, एक खातं किंवा एक वस्तू, आणि मागे कागद. एफडी, पीएफ, म्युच्युअल फंड, लॉकर, सोनेतारण कर्ज यांचे प्रश्नही याच साच्यात बसवा. केस दाखल होण्याच्या आसपास मोडलेल्या एफडी आणि भावाच्या किंवा आईच्या नावे केलेली बक्षीसपत्रं आवर्जून विचारा.

चारित्र्य, मैत्रिणी, सासूचं वागणं यातलं काही या प्रश्नावलीत नको. बदनामीकारक किंवा दाव्याशी संबंध नसलेल्या प्रश्नांवर हरकत घेता येते, आणि असा एक प्रश्न सगळ्या संचाची किंमत कमी करतो. वीस वर्षांची सगळी स्टेटमेंट मागितली तरी "नुसतं जाळं टाकताय" अशी हरकत येते. तीन वर्षांपुरतं मागा. त्याआधीचं हवंच असेल तर कारण लिहा.

तुमचंही प्रतिज्ञापत्र स्वच्छ ठेवा. तुमच्या माहेरच्या नावाने असलेली एफडी, शिकवणीचे पैसे, नोकरी असेल तर पीएफ, सगळं लिहा. समोरचाही तुम्हाला असेच प्रश्न विचारू शकतो.

उत्तरं आली की "आठवत नाही", "लागू नाही", "माहिती सीएकडे आहे" अशी वाक्यं लाल पेनाने खूण करून ठेवा. स्वतःच्या बँक खात्याची माहिती सीएकडे आहे, हे उत्तर होत नाही. आदेश ११ च्याच नियम ११ खाली पुरेसं उत्तर द्यायला लावण्याचा अर्ज करा, आणि सोबतच नियम १२ व १४ खाली नेमके कागद मागा. आदेश होऊनही उत्तर नाही दिलं, तर नियम २१ प्रमाणे त्याचा बचाव काढून टाकण्याची मागणी करता येते. खोटी शपथ उघडकीला आली तर वेगळी कारवाईही मागता येते. वकिलांना सांगून हे अर्ज त्याच तारखेला द्या, पुढच्या तारखेवर ढकलू नका. अंतरिम पोटगीचा अर्ज मात्र उत्तरं यायची वाट बघत थांबवू नका. तो आधी चालवा. उत्तरांमधून जास्त उत्पन्न सिद्ध झालं, तर रक्कम वाढवून मागता येते.