ओमानला निघालास? आधी शुक्रवारचं बघ

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपवर दोन-तीन महिन्यांतून एखादा पोरगा येतोच. डिप्लोमा झालेला, शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या कारखान्यात दोन-चार वर्षं घासलेला, मोबाइलमध्ये ऑफर लेटर. "काका, तुम्ही मस्कतला होता न्हवं?" मग प्रश्न ठरलेले. रियालचे किती होतात, जेवण कंपनीचं का, घरी यायचं तिकीट किती वर्षांनी. चहा संपेपर्यंत पगाराचं सगळं बोलून होतं. सुट्टीच्या दिवशी तिथं काय करायचं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. २०१४ साली मीही विचारलं नव्हतं.

म्हणून आता मीच विषय काढतो. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, पण ती सरकारी आणि बड्या ऑफिसांना. कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत, साइटवर, बहुतेकदा एकटा शुक्रवार हाताला लागतो. सही करायच्या आधी हे विचारून घे. महिन्याचे चार दिवस आणि आठ दिवस यातला फरक पगाराच्या आकड्यात दिसत नाही, तिथं गेल्यावर दिसतो.

माझे पहिले चार महिने असे गेले. रुसैलच्या औद्योगिक वसाहतीजवळ कंपनीचा कॅम्प, एका खोलीत चौघं. शुक्रवारी अकराला उठायचं, आठवड्याचे कपडे धुवायचे, दुपारी बिर्याणी, मग झोप, संध्याकाळी कंपनीची बस हायपरमार्केटला नेणार आणि नऊला परत आणणार. ट्रॉलीत दोन साबण आणि एक खारीचा पुडा टाकून दोन तास एसीत फिरायचं. रात्री खोलीवर आलं की कोल्हापूर असं काही अंगावर यायचं की विचारू नका. घरचे झोपलेले, कारण आपलं घड्याळ दीड तास पुढं. कामाच्या दिवशी आठवण येत नाही, वेळच नसतो. माणूस खचतो तो सुट्टीत.

शेजारच्या खोलीत एक सांगलीकर होते, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. एका शुक्रवारी त्यांनी दार वाजवलं. "पाव्हणं, उठा की. भिंतीकडं किती बघशीला? भिंत काय पगारवाढ देणाराय?" आणि मत्रहला घेऊन गेले. जुनं बंदर, समुद्राला लागून अर्धगोल रस्ता, मागं उघडेबोडके काळपट डोंगर आणि आत सूक, म्हणजे बाजार. गल्ली इतकी चिंचोळी की आपल्या महाद्वार रोडला मोकळं मैदान म्हणावं. लोबानाचा धूर, चांदीच्या मुठीचे खंजीर, आणि दुकानदार सरळ हिंदीत हाक मारतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव: शुक्रवारी सकाळी बाजार बंद असतो. दुपारची नमाज होऊन ऊन उतरलं, चार वाजले, की शहर जागं होतं. लांब जायचं असेल तर पहाटे निघ, जवळ फिरायचं असेल तर संध्याकाळी. मधल्या वेळात रस्त्यावर आपण आणि मांजरं.

मस्कत शहर समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये पट्टीसारखं लांबच लांब पसरलंय. चालत कुठं जाता येत नाही. २०१५च्या शेवटी मवासलात या सरकारी कंपनीच्या नव्या बस सुरू झाल्या तशी रुवीपर्यंत, म्हणजे शहराच्या बाजारपेठेपर्यंत, सोय झाली. त्याआधी नारिंगी-पांढऱ्या टॅक्सीत शेअरिंगनं. पण शहराबाहेरचा देश बघायचा तर गाडी लागते, आणि गाडीला लायसन्स. इथं मी जरा थांबणार आहे, कारण हे प्रकरण मोठं आहे.

आपलं भारतातलं लायसन्स दाखवून ओमानचं मिळत नाही. पहिल्यापासून शिकाऊ, मग परीक्षा. परीक्षेचे तीन टप्पे: ड्रम, चढ आणि रस्ता. ड्रममध्ये उभ्या केलेल्या पिंपांच्या मधल्या बोळातून गाडी रिव्हर्स घालायची, पिंपाला धक्का लागला की घरी. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची, मागं सरकली की घरी. आणि शेवटी पोलीस शेजारी बसवून रस्त्यावर. स्टिअरिंग डावीकडं, गाडी रस्त्याच्या उजवीकडून. मी कोल्हापुरात अठराव्या वर्षापासून ट्रॅक्स चालवलेला माणूस, मला वाटलं एका झटक्यात होईल. पहिल्या खेपेला दोन पिंपं पाडली. शिकवणारे ओमानी उस्ताद तासावर पैसे घेतात, तेव्हा प्रत्येक पडलेलं पिंप खिशातलं पडतं. आपली खोड अशी की आरसा बघायचाच नाही, मान मागं वळवायची. उस्ताद म्हणायचे, "मान नको, आरसा." पगार हातात पडला की टीव्ही घेऊ नको, पहिला खर्च ह्याच्यावर कर. लायसन्स असलेल्या पोराला कॅम्पात सगळे चहा पाजतात.

लायसन्स झालं, चौघांनी वर्गणी काढून एक जुनी फोर बाय फोर भाड्यानं घेतली आणि आमचे शुक्रवार सुरू झाले. भाडं आणि पेट्रोल चौघांत वाटलं की माझ्या वाट्याला महिन्याला वीसेक रियाल यायचे. घरी पाठवायच्या पैशातनं हे कापताना पहिल्यांदा हात थरथरला, खरं सांगतो. वडिलांना फोनवर सांगितलंच नव्हतं.

पहिली मोठी ट्रिप निझवा. दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथं शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो आणि तो बघायला सातच्या आत पोचावं लागतं. विकणारे जनावरं दोरीला धरून गोल फिरतात, घेणारे कडेनं उकिडवे बसलेले, भाव ओरडून. एखादा आजोबा हात करून बोकड थांबवतो, दात बघतो, पाठ दाबतो. मला वडगावचा बाजार आठवला. माणसं तीच, फक्त फेट्याच्या जागी कुम्मा टोपी. शेजारीच किल्ला, सतराव्या शतकातला, प्रचंड गोल बुरूज.

निझवात किल्ल्यापेक्षा मला फलज आवडला. डोंगरातलं पाणी उतारानं पाटातून मैलोन्‌मैल गावापर्यंत आणायची ही पद्धत, २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेलेली. पाण्याचे वाटे वेळेनुसार. पूर्वी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर पाळी मोजायचे. आमचं घर पंचगंगेकाठचं, उसाच्या पाळीवरनं भावकीत भांडणं बघत वाढलेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी मोडक्या हिंदीत विचारलं, भांडणं होत नाहीत का? तो हसला आणि खजूर पुढं केला. म्हणजे होत असणार.

मग वाडी. आपल्याला वाडी म्हटलं की नरसोबाची. ओमानी अरबीत वाडी म्हणजे डोंगरांमधली नदीची कोरडी खोरी. वाडी शाब हे नाव तू तिकडं उतरल्या आठवड्यात ऐकशील. सूरच्या रस्त्याला, तिवी गावाजवळ. हायवेच्या पुलाखालून छोटी होडी पलीकडं नेते, मग खडकांतून पाऊण तास चाल, मग पाण्यात उतरून पोहत जायचं आणि शेवटी एका फटीतून डोकं काढलं की आत गुहेत धबधबा. पोहता येत नसेल तर आधी शीक, तिथं शिकायला जाऊ नको. वाटेत बिमाचं गोल विवर लागतं, हिरवंनिळं पाणी. तिथं तासभर बस्स.

पण ह्या वाडीचा एक नियम आहे. नरसोबाच्या वाडीत पाणी देवळात शिरलं की आपण दक्षिणद्वाराला अंघोळीला धावतो. ओमानच्या वाडीत पाणी दिसलं की उलटं पळायचं. पाऊस लांब डोंगरात पडतो, तुझ्या डोक्यावर ऊन असतं, आणि लोंढा येतो तो दगड-झाडं घेऊनच. ढग दिसले की वाडीत उतरायचं नाही आणि वाहत्या वाडीत गाडी घालायची नाही. तो तिथं गुन्हा आहे.

वाळवंटाचं सांगायचं म्हणजे माझ्या फजितीचं सांगणं आलं. वहिबा सँड्स, आता नकाशावर शर्किया सँड्स. मस्कतपासून दोनशेएक किलोमीटरवर बिदिया, आणि गाव संपलं की लगेच तांबूस वाळूच्या टेकड्या, एकीमागं एक. वाळूत शिरायच्या आधी टायरमधली हवा कमी करायची असते, पस्तीसवरून पंधरा-अठरावर, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी तरंगते. हे मला माहीत होतं. पण हवा मोजायचा गेज विसरलेला आणि फुशारकी मोठी. "मेकॅनिकलवाला आहे मी, हातानं दाबून सांगतो." दुसऱ्याच टेकडीवर चाकं रुतली. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, तशी गाडी पोटावर बसली. मोबाइलला रेंज नाही, दुपारचे बारा, चौघांत दोन बाटल्या पाणी.

दीड तासानं एक पिकअप आली. पांढरा दिशदाशा, म्हणजे पायघोळ झगा, घातलेला बेदू, वाळवंटातलाच माणूस, सोबत सात-आठ वर्षांचा पोरगा. काही न बोलता चारी टायरची हवा सोडली, हातांनी वाळू उपसली, दोर लावला आणि दहा मिनिटांत गाडी बाहेर. मी पाकीट काढलं तर रागानं बघितलं. मग तंबूत नेऊन कहवा, म्हणजे तिकडची कॉफी, पाजला. छोट्या कपात, वेलदोडा घातलेला, बिनसाखरेचा, सोबत खजूर. कप रिकामा केला की तो भरायचा, पुन्हा रिकामा केला की पुन्हा भरायचा. सहाव्या कपाला सांगलीकरांनी कप हलवून दाखवला तेव्हा कळलं, कप हलवल्याशिवाय सुटका नाही. येताना त्या पोरानं मला डावा अंगठा वर करून दाखवला आणि खदाखदा हसला. माझ्या मेकॅनिकल डिप्लोम्याला.

त्यानंतर नियम केला. वाळूत एकटी गाडी न्यायची नाही, दोन पाहिजेतच. माणशी पाच लिटर पाणी, फावडं, दोर, गेज, हवा भरायचा पंप. आणि मे ते सप्टेंबर वाळवंटाचं नावही काढायचं नाही. उन्हाळ्यात जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानंच बंदी असते, यातनं काय ते समज. फिरायचे महिने ऑक्टोबर ते मार्च.

उन्हाळ्यात जायचं ते सलालाला. मस्कतपासून हजार किलोमीटर, वाटेत नुसतं सपाट वाळवंट, आणि रात्री रस्त्यावर उंट. पण जून ते सप्टेंबर तिथं खरीफ असतो: धुकं, रिपरिप, हिरवे डोंगर. आख्ख्या आखातातनं लोक पाऊस बघायला येतात. मित्र म्हणाला, गगनबावड्याला हे फुकट मिळतंय, इथं हजार किलोमीटर येऊन काय बघायचं? मी काही बोललो नाही. रस्त्याकडेला शहाळी आणि केळीचे घड टांगलेले, ओल्या मातीचा वास, आणि मी गाडीतून उतरून नुसता भिजत उभा.

माणसांचं थोडं सांगतो. कॅम्पात प्रांतवार टोळ्या पडतात. मल्याळी सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत नीट बांधलेले. मराठी मंडळ आहे, गणपती होतो, दिवाळी होते, पण तिथं बहुतेक कुटुंबवाले. एकटा कॅम्पवाला गेला की आधी बिचकतो. मी बिचकलो. मग कळलं, मांडव घालायला आणि खुर्च्या उचलायला माणूस लागतोच. खुर्च्या उचल, ओळखी आपोआप होतात. पहाटेचं क्रिकेट हा दुसरा रस्ता; शुक्रवारी उजाडायच्या आत पडीक मैदानावर कंपन्यांच्या टीम जमतात आणि ऊन तापायच्या आत मॅच उरकते. लाहोरचा बॉलर आणि कोचीनचा कीपर एका टीममध्ये खेळताना मी तिथंच बघितले.

दोन सावधगिऱ्या खास कोल्हापूरकरांसाठी. एक, तोंड. आपण प्रेमानं जे शब्द वापरतो ते तिथं कुणी ऐकले आणि तक्रार केली, तर प्रकरण पोलिसात जातं. गाडी चालवताना हातवारेसुद्धा नकोत. दोन, चटणी. आईनं कांदा-लसणाची चटणी भरून दिली तर त्यात खसखस आहे का विचार. शेजारच्या अमिराती, सौदीत खसखस अमली पदार्थांत धरतात, लोक विमानतळावर अडकलेत. माझी आई वेगळी, बिनखसखशीची कुटायची आणि वर कुरकुरायची, "असलं कसलं गाव, खसखशीला भितंय." रमजानच्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणं-पिणं नाही, गाडीत पाण्याची बाटलीसुद्धा तोंडाला लावायची नाही. बायकांचे फोटो नाहीत. वाडीत पोहतानाही गुडघ्याखाली येईल असं काहीतरी घाल, गावची माणसं तिथंच असतात.

२०१९ला मी परत आलो. साठवलेल्या पैशातनं लेथ घेतला, तो समोर चाललाय. येताना सामानात आणलेल्या वस्तूंत एक टायर गेज होता, त्या फजितीनंतर रुवीत घेतलेला. मागच्या दिवाळीत कागलचा एक पोरगा निघाला तेव्हा त्याला तो देऊन टाकला. त्याला वाटलं काका चेष्टा करतायत.

परवा त्याचा फोन आला. म्हटलं, पगार झाला का? तर म्हणाला, "ते होतंय ओ काका. ड्रम पाडला."

"किती?"

"एकच."

"मी दोन पाडले होते," म्हटलं. "आरसा बघ, मान वळवू नको."