गालिच्याला कसर लागली आहे? नैसर्गिक उपाय करताना या चुका टाळा

लोकरीच्या गालिच्यावर एखाद्या कोपऱ्यात टक्कल पडल्यासारखा डाग दिसू लागला, की बहुतेक घरांत आधी कापूर आणि कडुनिंबाचा पाला शोधला जातो. या वस्तू निरुपयोगी नाहीत, परंतु त्यांचा क्रम शेवटचा आहे. लोकर खाणाऱ्या अळ्या साध्या वासाने मरत नाहीत. त्या मरतात किंवा हटतात त्या झाडलोट, उष्णता, कडाक्याची थंडी आणि वारंवार होणारी हलवाहलव यांमुळे. रसायने न वापरता कसर घालवता येते, हे निश्चित. मात्र त्यासाठी बाटलीपेक्षा हातांचे श्रम अधिक लागतात, आणि नेमके तेच टाळले जातात.

उडणाऱ्या पतंगालाच शत्रू समजणे

गालिच्याचे नुकसान पतंग करत नाही, त्याची अळी करते. पूर्ण वाढ झालेल्या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. फिकट सोनेरी रंगाचा, पंख मिटल्यावर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा दिसणारा हा पतंग उजेड टाळतो. हवेत उडताना दिसतात ते बहुधा नर असतात. मादी अंधाऱ्या फटीतून सरपटत जाते आणि लोकरीच्या धाग्यांत साधारण 40 ते 50 अंडी घालते. त्यामुळे टाळी वाजवून दोन-चार पतंग मारले, तरी गालिच्याखाली चाललेले काम थांबत नाही.

ओळखण्यातही गफलत होते. दिव्याभोवती घिरट्या घालणारे लहान पतंग बहुतेक वेळा तांदूळ, रवा किंवा डाळीच्या डब्यांतून आलेले असतात. त्यांच्यासाठी गालिचा उचलण्याची गरज नाही, धान्य तपासावे. मुंबईत आणि कोकणात दमट भिंतींवर भोपळ्याच्या बीसारखी राखाडी, चपटी पिशवी पाठीवर घेऊन सरकणारी अळी दिसते. ती मुख्यतः कोळ्यांची जुनी जाळी, केस आणि लोकरीचे तंतू खाते. भिंतींचे कोपरे स्वच्छ ठेवले की तिची संख्या घटते. चंदेरी, पंख नसलेला, झटकन पळणारा कीटक कागद आणि खळीवर जगतो. आणि केसाळ, तपकिरी अळ्या व त्यांनी टाकलेल्या काती सापडल्या, पण रेशमासारखे जाळे कुठेच नसेल, तर तो पतंग नसून गालिच्यावरचा भुंगेरा आहे. आपण या साऱ्यांना सरसकट कसर म्हणतो, पण प्रत्येकीचा ठावठिकाणा निराळा असतो.

खात्री करण्यासाठी सोफ्याच्या किंवा कपाटाच्या पायाखालचा गालिचा उलटा करून बॅटरीच्या उजेडात पाहावा. मुळाशी कुरतडलेले धागे, पांढुरक्या रेशमी नळ्या आणि वाळूसारखे बारीक कण दिसले, तर शंका उरत नाही. हे कण म्हणजे अळीची विष्ठा असते आणि तिचा रंग खाल्लेल्या लोकरीसारखाच असतो. लाल गालिच्यात लाल, निळ्यात निळा. म्हणूनच ती धूळ समजून दुर्लक्षिली जाते.

सोलापुरी सुती सतरंजी किंवा कृत्रिम धाग्याचे कार्पेट असेल, तर फारशी काळजी नको. अळीला लोकर, केस, पिसे आणि रेशीम पचते, कापूस पचत नाही. तथापि घाम, तेल किंवा अन्न सांडलेल्या जागी ती सुती कापडही कुरतडू शकते.

फक्त दिसणारा भाग झाडणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ज्या भागावर रोज पावले पडतात, तिथे कसर क्वचितच लागते. ती लागते ती पलंगाखाली, भिंतीलगतच्या कडेला, गुंडाळून माळ्यावर ठेवलेल्या गालिच्यात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचा अरुंद तोंडाचा नळा लावून कडा, फटी आणि गालिच्याची मागची बाजू आठवड्यातून किमान एकदा ओढून घ्यावी, जड सामान महिन्यातून एकदा तरी हलवावे, आणि यंत्रातला कचरा त्याच वेळी घराबाहेर टाकावा; तो यंत्रातच राहिला तर अंडी घरातच उबतात. व्हॅक्यूम नसेल तर गच्चीत दोरीवर गालिचा टाकून आधी मागून आणि मग पुढून काठीने झोडपणे, त्यानंतर ताठ ब्रशने झाडणे, हा जुना मार्ग आजही उत्तम आहे. हाताने विणलेला जुना गालिचा मात्र जपून झोडपावा.

एवढे करूनही कसर परत येत असेल, तर उगम दुसरीकडे आहे. एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे किंवा खिडकीच्या छज्जावर असलेले पारव्यांचे रिकामे घरटे हे त्याचे ठरलेले ठिकाण. पिसे आणि मेलेले पिल्लू अळ्यांना पुरेसे असते. अंडी किंवा पिल्ले असलेल्या घरट्याला हात लावू नये, ते रिकामे झाल्यावर काढावे. देवघरातले लोकरीचे आसन, पेटीतली घोंगडी, हार्मोनिअम किंवा पियानोमधली नमद्याची पट्टी, सत्कारात मिळालेल्या शालींचा न उघडलेला गठ्ठा, याही जागा तपासाव्यात.

अर्धवट ऊन, अर्धवट थंडी

गालिचा सकाळी उन्हात टाकला आणि दुपारी उचलला, तर अळ्या सावलीच्या बाजूला सरकून वाचतात. ऊन देताना गालिचा काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तापलेल्या गच्चीवर ठेवावा, तासा-दोन तासांनी उलटावा आणि आतपर्यंत उष्णता पोहोचू द्यावी. चैत्र-वैशाखाचे ऊन आणि पावसाळा संपल्यानंतरची ऑक्टोबरची उष्णता या कामाला योग्य आहे. पावसाळ्यातल्या दमट दिवशी उघड्यावर टाकलेला गालिचा ओल शोषतो, आणि ओल अळ्यांना मानवते. नैसर्गिक रंगांचे गालिचे आणि रेशमी वस्त्रे मात्र थेट उन्हात ठेवू नयेत. पैठणी सावलीत हवेशीर ठेवून, घड्या बदलून, मलमलीत गुंडाळावी.

लहान आसन, शाल किंवा गालिच्याचा तुकडा यांच्यासाठी फ्रीझर हा सर्वांत विश्वासार्ह नैसर्गिक उपाय आहे. वस्तू कोरडी असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करावी आणि उणे 18 अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवावी. दोन रात्री पुरत नाहीत, आणि एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा अनेकदा एवढा थंड होतही नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडली तर लोकरीवर पाणी जमते.

पाणी, व्हिनेगर आणि सोडा

व्हिनेगर फवारल्याने अंडी मरत नाहीत; ओल आणि रंग उतरण्याचा धोका मात्र वाढतो. खाण्याचा सोडा दुर्गंधी शोषतो, अळ्यांना मारत नाही, आणि त्याची पूड धाग्यांच्या मुळाशी साचून राहते. कोणताही ओला उपाय करायचा असेल तर गालिचा त्याच दिवशी पूर्ण सुकेल याची खात्री असावी.

वासावर विसंबणे

वेखंडाचे तुकडे, लवंगा, वाळवलेला कडुनिंब आणि लॅव्हेंडर यांनी नव्या पतंगांना काही प्रमाणात दूर ठेवता येते, तेही बंद पेटीत किंवा कपाटात. मोकळ्या दिवाणखान्यात वास विरून जातो, आणि आत असलेल्या अळ्या खात राहतात. म्हणून या वस्तू स्वच्छ केलेल्या लोकरीसोबतच ठेवाव्यात, सुती पुरचुंडीत बांधाव्यात आणि वास मंदावला की बदलाव्यात. कडुनिंबाचा ओला पाला कधीही ठेवू नये, त्याने बुरशी येते. सुगंधी तेल थेट लोकरीवर किंवा रेशमावर टाकल्यास डाग जात नाहीत.

कापूर लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्या हाती लागू देऊ नये. तो पोटात गेल्यास विषारी ठरतो. डांबराच्या गोळ्या हा नैसर्गिक उपाय नव्हे. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना त्यांच्या वाफेने रक्तातील तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो, म्हणून अशा गोळ्यांत ठेवलेली दुपटी बाळाला गुंडाळू नयेत. कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र ठेवल्या तर उन्हाळ्यात त्या एकमेकांत वितळून कपड्यांवर डाग पाडू शकतात.

लवकर थांबणे

आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास काही महिन्यांत संपतो आणि हिवाळ्याने त्यात खंड पडत नाही. त्यामुळे एकदा साफसफाई केल्यावर पतंग दिसेनासे झाले, तरी किमान दोन-तीन महिने दर आठवड्याची झाडलोट चालू ठेवावी. फेरोमोनचे, म्हणजे मादीच्या गंधाने नराला ओढणारे चिकट सापळे वापरता येतात, पण ते फक्त नर पकडतात. त्यांचा उपयोग उपचारासाठी नव्हे, तर कसर कमी होते आहे की वाढते आहे हे कळण्यासाठी आहे. ऊसशेतीत वापरली जाणारी ट्रायकोकार्डे, म्हणजे किडींची अंडी नष्ट करणारे सूक्ष्म मित्रकीटक ज्यांतून बाहेर पडतात अशी कार्डे, घरात लावण्याची कल्पना काही जणांना सुचते. ती कार्डे खोडकिडीसारख्या किडींच्या अंड्यांसाठी असतात, गालिच्यासाठी आणू नयेत.

काश्मिरी किंवा भदोहीच्या हातविणीच्या गालिच्याच्या गाठीच खाल्ल्या गेल्या असतील, तर दुरुस्तीची घाई करू नये. आधी सर्व अळ्या नष्ट झाल्याची खात्री करावी, काही आठवडे पांढऱ्या चादरीवर गालिचा पसरून खाली कण पडतात का ते पाहावे आणि चादर कोरी राहिली तरच तो कारागिराकडे द्यावा. अन्यथा नव्याने भरलेली लोकर हेच अळ्यांचे पुढचे अन्न होते.