ग्रुप प्रोजेक्टमध्ये कुणाचं लिखाण उडू नये म्हणून

प्रोजेक्टची एकच गूगल डॉक्स फाइल सगळे उघडतात आणि कुणीतरी 'नीट करतो' म्हणत दुसऱ्याचा अख्खा परिच्छेद उडवतो.

१. फाइल एकाच्या खात्यावर ठेवा. बाकीच्यांना 'शेअर'मधून ईमेल टाकून 'एडिटर'ऐवजी 'कमेंटर' करा. मग त्यांनी खोडलेल्या मजकुरावर फक्त रेघ येते, बाजूला नाव दिसतं. मूळ मजकूर जागेवरच. (कोण किती राबलं, तेही आपसूक कळतं!)

२. फाइलवाल्याने बरोबरची खूण दाबली की बदल पक्का, फुली दाबली की रद्द.

३. मॅडमना दाखवण्याआधी 'फाइल' मेनूतल्या 'व्हर्जन हिस्टरी'त (फाइलच्या जुन्या प्रती इथे राहतात) तेव्हाच्या प्रतीला नाव द्या, म्हणजे नंतर काही बिघडलं तर ती सापडते.

'लिंक असलेला कुणीही एडिटर' अशी लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नका, नाहीतर कमेंटर करून उपयोग शून्य.