गाडीसाठी नेव्हिगेटर घेताना: दुकानापासून घाटापर्यंतची तयारी

पहिली तयारी शब्दांची. नाशिकच्या एमजी रोडवर जाऊन नुसतं ‘गाडीसाठी जीपीएस द्या’ म्हटलंत, तर काउंटरवर बहुधा ट्रॅकर येईल: स्क्रीन नसलेली, सिमकार्ड लागणारी काळी डबी, जी गाडी कुठे आहे ते मालकाच्या फोनवर कळवते. टॅक्सीवाल्याला ती हवी, तुम्हाला नको. दुसरी गफलत अँड्रॉइड स्टिरिओची. तो डॅशबोर्डात कायमचा बसतो, त्याची अँटेना वायर ओढून काचेखाली चिकटवावी लागते, आणि या गाडीतला काढून त्या गाडीत लावणं होत नाही. तेव्हा ‘काचेला लावायचा, नकाशा आतच असलेला नेव्हिगेटर’ असं पूर्ण सांगा.

त्याही आधी घरीच ठरवा, की तो खरंच हवा आहे का. कॉलेज रोड, सिडको, अंबड एवढंच फिरणं असेल तर फोन पुरे, पैसे वाचवा. वेगळं यंत्र कामाला येतं ते सुरगाणा, पेठ, हरसूल, जव्हार या बाजूला, जिथे डोंगराआड गेलं की मोबाइलची रेंज जाते. अर्थात रेंज गेली म्हणून फोनमधला उपग्रह रिसीव्हर बंद पडत नाही. अडतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी येत असतो. म्हणून आधी फोनवर जिल्ह्याचा ऑफलाइन नकाशा उतरवा आणि एकदा पेठ रोडने जाऊन या. तेवढ्यावर भागलं तर खरेदीची गरजच नाही. उन्हात फोन तापून स्क्रीन मंद झाली, ऐन फाट्यावर कॉल आला, किंवा घरातली गाडी तिघं चालवतात आणि फोन मात्र ज्याचा त्याच्या खिशात, असं असेल तर पुढचं सगळं उपयोगाचं.

खोक्यावरच्या उपग्रहांच्या नावांनी भारावून जाऊ नका. अमेरिकेचं जीपीएस सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून चालतं, जागा आणि उंची कळायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात, आणि रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ किंवा चीनचं बायडू सोबत असेल तर घाटात दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या वाढते. यांतली दोन प्रणाली असल्या तरी आपलं काम होतं. आपलं नाविक हवं असेल तर मात्र एक प्रश्न विचारा: रिसीव्हर एल-५ पट्टा (उपग्रहाच्या संदेशाची एक वारंवारता) घेतो का? नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस पट्ट्यांवरच बोलतात. सामान्य रिसीव्हरला कळणारा एल-१ पट्टा २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून आला. एल-१ आणि एल-५ दोन्ही घेणाऱ्या यंत्राचा फायदा कड्यावरून किंवा उंच इमारतींवरून परावर्तित होऊन येणारा संदेश ओळखण्यात होतो. मोकळ्या रस्त्यावर फरक जाणवणार नाही.

वेळ द्यायचा तो नकाशाला. उपग्रह सगळ्यांना तेच. नकाशा जुना असेल तर यंत्र कितीही महाग असो, ते तुम्हाला शेतातून चालवत असल्याचं दाखवील. नकाशाचं वय विचारू नका, पारखून घ्या, आणि त्यासाठी समृद्धी महामार्गासारखी सोय नाही. नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. काउंटरवरच नाशिक ते भिवंडी मार्ग काढायला सांगा. समृद्धीची आमणेपर्यंतची रेघ दिसली तर नकाशा ताजा. इगतपुरीला तुटली तर निदान जून २०२५ च्या आधीचा. शिर्डीपाशीच थांबली तर तसाच परत ठेवा, किंवा अपडेट करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशातून कोणी आणलेल्या यंत्रात तर भारताचा नकाशाच नसण्याची शक्यता मोठी असते, आणि तो वेगळा विकत मिळतो की नाही हे आधी कळायला हवं. ‘लाइफटाइम अपडेट’ यातलं आयुष्य तुमचं नव्हे. कंपनी त्या मॉडेलला नकाशे देत राहील तोवरचं. अपडेट संगणकाला जोडून होतं की वायफायने, आणि आतली मेमरी भरली तर मायक्रोएसडी कार्ड बसतं का, तेही बघा. जुन्या यंत्रांना ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी-३२ फॉरमॅटचं कार्ड लागतं. मोठं घातलं तर कार्ड दिसतच नाही.

मग शोध तपासा. ‘ओझर’ टाका: एचएएलच्या विमान कारखान्याचं आपलं ओझर आणि अष्टविनायकातलं जुन्नरचं ओझर, दोन्ही यायला हवीत आणि पुढे तालुका-जिल्हा दिसायला हवा. ‘वणी’ टाका: सप्तशृंगीसाठी दिंडोरी तालुक्यातली हवी, यवतमाळची नव्हे. यंत्रात देवनागरी कीबोर्ड नसेल तर नावं रोमन लिपीत भरावी लागतात, आणि नाशिकचं स्पेलिंग ‘एच’ घालून व न घालता दोन्ही तऱ्हांनी प्रचलित आहे. दोन्ही चालतात का बघा. त्र्यंबकचं तर विचारूच नका. घर क्रमांकाने शोधणं इथे फारसं जमत नाही, कारण आपले पत्तेच ‘मायको सर्कलवरून पुढे, दवाखान्याच्या मागे’ असे असतात. तेव्हा चौक, मंदिरं, पंप यांची नावं किती भरली आहेत ते जास्त महत्त्वाचं.

शेवटची काउंटर-परीक्षा अक्षांश-रेखांशांची. लग्नाचं ‘लोकेशन’ व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. ती लिंक नेव्हिगेटरला उघडत नाही, आकडे भरावे लागतात. नाशिकसाठी १९.९९७५ उत्तर, ७३.७८९८ पूर्व टाकून पाहा. हेच ठिकाण अंश-मिनिटं-सेकंदांत १९-५९-५१ आणि ७३-४७-२३ असं लिहिलं जातं. यंत्र कोणत्या पद्धतीवर लावलं आहे ते न पाहता कोणी १९.५९५१ आणि ७३.४७२३ भरलं, तर पाहुणे नाशिकऐवजी कसाऱ्याच्या दक्षिणेला, शहापूर तालुक्यात पोचतात. सरळ रेषेत पन्नासहून जास्त किलोमीटरची चूक, तीही सगळे आकडे बरोबर असताना! सेटिंगमध्ये दशांश पद्धत निवडा आणि घरच्या सगळ्यांना तीच सांगा.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर आधी त्याला उपग्रह मिळू द्या, मग तारीख बघा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीखाना दहा बिटांचा आहे. १,०२४ आठवडे झाले की तो शून्यावर येतो, आणि तसा तो ६ एप्रिल २०१९ ला आला. फर्मवेअर (यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) न बदललेली जुनी यंत्रं तेव्हापासून साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा कदाचित बरोबर सांगतील, पण तारखेवर चालणारं बाकीचं सगळं बिघडतं. फर्मवेअर मिळत नसेल तर स्वस्त असूनही घेऊ नका. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं आहे का, हेही बोट फिरवून पाहा.

स्क्रीन पाच ते सात इंची. लहान हॅचबॅकला पाच-सहा पुरतात, सात इंची समोरचा रस्ता खाते. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घालूनच स्क्रीन आडवी-उभी पाहा. काही स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात. मराठी आवाज आहे का ते ऐका. नसला तर हिंदी लावा, पण गावांची नावं उच्चारणारा आवाज घ्या. नुसतं ‘दोनशे मीटरवर डावीकडे’ ऐकून द्वारकेच्या चौकात काही उमगत नाही.

विजेकडे दुर्लक्ष होतं आणि निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. आतली बॅटरी फार तर तासाभराची, म्हणजे सोबतीपुरती. गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून ५ व्होल्ट, दीड-दोन अँपिअर देणारा चार्जर हवा. स्टिरिओच्या यूएसबीला जोडलंत तर अनेकदा अर्धाच अँपिअर मिळतो आणि चार्जिंगचं चिन्ह दिसत असूनही बॅटरी उतरत जाते. शिवाय डेटा केबल असेल तर यंत्र संगणकाला जोडल्याचं समजून नकाशाच बंद करतं. म्हणून सोबत आलेली पॉवर केबलच वापरा. इंजिन आधी सुरू करा, नेव्हिगेटर नंतर, कारण स्टार्टर फिरताना बऱ्याच गाड्यांत सॉकेटची वीज क्षणभर तुटते. प्लगच्या टोकाची टोपी फिरवली की आत छोटा फ्यूज असतो; तसाच एक, आणि सॉकेटसाठी गाडीच्या फ्यूजबॉक्समधला १० किंवा १५ अँपिअरचा (झाकणावर लिहिलेला असतो तोच) जवळ ठेवा. उपग्रह मिळतच नसतील तर शेजारचा स्वस्त डॅशकॅम किंवा चार्जर काढून पाहा. त्यांच्यातून निघणारा रेडिओ गोंगाट उपग्रहाचा अतिशय क्षीण संदेश दाबून टाकतो. दोघांत फूटभर अंतर ठेवलं तरी पुष्कळदा सुटतं.

बसवायची जागा आपल्या उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत दोनच: काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात किंवा मधोमध खाली. एअरबॅग उघडते तिथे नाही, आरशामागच्या फास्टॅगसमोर नाही, आणि वायर स्टिअरिंगभोवती तर नाहीच. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग बघण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येतं. तेव्हा पत्ता निघण्याआधी भरा, वाटेत नाही. काच आणि सक्शन कप दोन्ही स्पिरिटने पुसा, बोट लावू नका, दाबून खटका लावा. निफाडकडच्या डिसेंबरच्या पहाटे कप कडक होऊन सुटतो. तळहातात धरून थोडा ऊबदार करून लावला की धरतो. काच धातूच्या उष्णतारोधक लेपाची असेल तर संदेश अडतो. अशा काचेत आरशामागे ठिपक्यांचा मोकळा पट्टा असतो, त्याच्या जवळ यंत्र न्या.

पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. गोल्फ क्लब मैदानासारख्या उघड्या जागी गाडी उभी करून पंधरा मिनिटं राहू द्या. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. इमारतीच्या पार्किंगमध्ये, चालत्या गाडीत सुरू केलं तर तेच काम लांबतं आणि लोक यंत्र खराब म्हणून परत करतात. याच वेळात ‘सर्वांत जवळचा मार्ग’ बदलून ‘सर्वांत जलद’ करा, कच्चे रस्ते टाळा, आणि ‘घर’ म्हणून स्वतःच्या दाराऐवजी जवळचा चौक भरा, म्हणजे यंत्र चोरीला गेलं तरी घराचा पत्ता जात नाही.

आता रस्त्यावर ते कुठे फसतं ते माहीत असू द्या. मुंबई नाका-द्वारका उड्डाणपुलावर आणि खालच्या सर्व्हिस रोडवर नकाशातली जागा एकच. पूल काही मीटर उंच, आणि उपग्रहावरून मिळणाऱ्या उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी. त्यामुळे आडगावकडे पुलावरून जाताना यंत्र खुशाल ‘द्वारकेला उजवीकडे वळा’ म्हणतं. वर की खाली हे पुलाआधी पाटी पाहून तुम्हीच ठरवा. इगतपुरीजवळच्या समृद्धीच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात तर उपग्रहच नाही. ताशी १०० ने जवळपास पाच मिनिटं यंत्र अंदाजावर चालतं किंवा गोठतं, म्हणून बाहेर पडायचा इंटरचेंज बोगद्याआधी लक्षात ठेवा. चुकला तर परतीला पुढचा इंटरचेंज गाठावा लागतो. कसारा घाटात कड्यामुळे बाण बाजूच्या रस्त्यावर उडी मारतो. मार्ग बदलल्याची घोषणा झाली तरी पाटीचं ऐका. भद्रकाली, सराफ बाजार, पंचवटीच्या वाड्यांमधल्या बोळांत दहा मीटरची चूक म्हणजे शेजारचा बोळ, आणि तिथून गाडी मागे घेणं काय असतं ते नाशिककराला सांगायला नको. गाडी बाहेर लावा, चालत जा. बुधवारी गोदाकाठी बाजार असतो आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली यावर काठचे रस्ते चालू-बंद ठरतात. साठवलेल्या नकाशाला यातलं काही कळत नाही. २०२७ च्या सिंहस्थात वाहतूक वळवली जाईल तेव्हाही तसंच. अशा दिवशी फोनवर ताजी वाहतूक पाहून एखादं मधलं ठिकाण नेव्हिगेटरमध्ये हाताने भरावं लागतं.

गाडी लावून उतरताना यंत्र काढून घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीतली उष्णता लिथियम बॅटरीला बाधते. आणि काचेवर कपचा गोल ठसा राहिला तर तो पुसा. आत काहीतरी ठेवलेलं असणार, हे त्यावरूनच ओळखतात.