सी शार्पमध्ये लिस्ट<कांदा> ची लिस्ट<शेतमाल> कशी करावी

नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांच्या आवकेची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहिताय असं धरू. 'शेतमाल' हा बेस क्लास, 'कांदा' आणि 'द्राक्ष' हे त्याचे डिराइव्ह्ड क्लास. लासलगावची आवक लिस्ट<कांदा> मध्ये आहे, आणि क्विंटलची बेरीज करणारं फंक्शन लिस्ट<शेतमाल> मागतंय. कांदा हा शेतमालच, तरी कंपायलर अडून बसतो.

आधी तो का अडतो ते समजून घ्या; पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. त्या फंक्शनच्या लेखी ती शेतमालाची यादी, म्हणजे ते तिच्यात द्राक्षही ॲड करू शकतं. यादी मात्र मुळात कांद्याचीच आहे. ॲरेच्या बाबतीत सी शार्प सूट देतं, म्हणजे कांद्यांचा ॲरे शेतमालाचा ॲरे म्हणून देता येतो, आणि त्याची किंमतही मोजावी लागते: तशा दिलेल्या कांद्यांच्या ॲरेत द्राक्ष ठेवायला गेलात की चालत्या प्रोग्रॅममध्ये ॲरेटाइपमिसमॅचएक्सेप्शन येतं. लिस्टमध्ये हीच चूक कंपाइल करतानाच पकडली जाते, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

आता उपाय. फंक्शनला यादी फक्त वाचायची असेल तर काहीही कन्व्हर्ट करू नका. पॅरामीटरचा टाइप आयइन्युमरेबल<शेतमाल> करा. 2010 च्या सी शार्प 4 पासून लिस्ट<कांदा> तिथे थेट देता येते. इंडेक्स हवा असेल तर आयरीडओन्लीलिस्ट<शेतमाल>. बहुतेक ठिकाणी काम इथेच संपतं.

द्राक्षंही त्याच यादीत घालायची असतील तर नवी यादी लागेल:

न्यू लिस्ट<शेतमाल>(कांदे)

यादी नवी, पण आतले ऑब्जेक्ट तेच. एखाद्या नोंदीचं वजन बदललं तर ते दोन्ही याद्यांत बदललेलं दिसेल.

उलट दिशेला, म्हणजे शेतमालातून कांदा काढताना, जास्त जपा. ऑफटाइप<कांदा>() फक्त कांदे निवडतं आणि बाकीचं गुपचूप सोडून देतं. मिश्र यादीतून कांदा वेगळा काढायचा असेल तर हेच वापरा. पण यादीत सगळे कांदेच असायला हवेत अशी खात्री असेल, तर कास्ट<कांदा>() घ्या: चुकून द्राक्ष आलं तर इनव्हॅलिडकास्टएक्सेप्शन येईल, नोंद गुपचूप गळणार नाही. त्याला लगेच टूलिस्ट() जोडा. कास्ट प्रत्यक्ष वाचेपर्यंत काहीच तपासत नाही, त्यामुळे टूलिस्ट() नसेल तर एरर भलत्याच फाइलमध्ये उगवते आणि शोधताना दमछाक होते.

इंटसारख्या व्हॅल्यू टाइपना (ज्यांत थेट किंमतच साठवलेली असते) आयइन्युमरेबलची वरची सूट नाही. लिस्ट<इंट> आयइन्युमरेबल<ऑब्जेक्ट> म्हणून जात नाही. तिथे कास्ट<ऑब्जेक्ट>() लावा.