पर्यायी गुंतवणूक घेण्याआधी: पैसा कशाने बुडेल आणि कधी मोकळा होईल

एक कोरा कागद घ्या आणि तुमचे पैसे जिथे जिथे गुंतले आहेत ती नावं एकाखाली एक लिहा. मग प्रत्येक नावापुढे ‘हा पैसा कशामुळे बुडेल’ याचं उत्तर एका ओळीत लिहा. शेअर, शेअरांचे म्युच्युअल फंड, नोकरीत मिळालेले कंपनीचेच शेअर, या सगळ्यांपुढे बहुधा एकच उत्तर येईल: मंदी आली की. नावं दहा असतात, कारणं दोनच निघतात. पर्यायी गुंतवणूक, म्हणजे नेहमीचे शेअर आणि रोखे सोडून इमारती, सोनं, खाजगी कंपन्या असं काही, शोधायची ती यादीत अकरावं नाव घालायला नाही, तिसरं कारण मिळवायला.

मी एकवीस वर्षं एका मोठ्या निधीचे हिशेब ठेवले. शेअर आणि रोख्यांची किंमत रोज बाजारातून यायची. प्रायव्हेट इक्विटी (बाजारात न नोंदलेल्या कंपन्यांतला हिस्सा), इमारती, खाजगी कर्जं यांची किंमत मात्र तिमाहीतून एकदा कुणीतरी ठरवून पत्राने कळवायचं आणि मी ती वहीत चढवायचे. हा फरक मी इतक्या वेळा पाहिला आहे की नवी योजना समोर आली की परताव्याच्या आकड्याकडे माझं लक्ष सगळ्यात शेवटी जातं.

आधी गणित बघा. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये ते मांडलं आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. समजा दोन गुंतवणुकी आहेत, दोन्हींचा चढउतार २० टक्के, आणि पैसे निम्मे निम्मे. दोघींचा एकमेकींशी काहीच संबंध नसेल तर एकत्रित चढउतार सुमारे १४ टक्क्यांवर येतो. त्या बहुतेक वेळा एकाच दिशेने जात असतील, म्हणजे सहसंबंध ०.८ असेल (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे अगदी एकत्र), तर तो १९ टक्के राहतो. एवढ्या एका टक्क्यासाठी जादा शुल्क भरायचं आणि पैसे अडकवायचे का, हे स्वतःला विचारा.

आता एकेका प्रकाराला तोच बुडण्याचा प्रश्न लावा. जागा आणि इमारती शेअरांपेक्षा वेगळ्या वाटतात, पण २००८ मध्ये अमेरिकेतले शेअर साधारण ३७ टक्के पडले आणि तिथले रीटही, म्हणजे इमारतींत पैसे घालणारे आणि शेअरांसारखेच बाजारात विकले जाणारे फंडही, जवळजवळ तेवढेच पडले. दोघांची मदार स्वस्त कर्जावर होती, आणि कर्जच आटलं. प्रायव्हेट इक्विटी म्हणजे बाजारात न नोंदलेल्या कंपन्यांचे शेअर, तेही बहुतेकदा कर्ज काढून घेतलेले. बुडण्याचं कारण तेच. प्रायव्हेट क्रेडिटमध्ये, म्हणजे बँकेऐवजी फंडाने कंपन्यांना दिलेल्या खाजगी कर्जांत, व्याज चांगलं मिळतं, पण कर्जदार थकतात ते मंदीतच.

सोन्याचं कारण खरंच वेगळं आहे: चलनावरचा विश्वास, महागाई वजा जाता उरणारा व्याजदर, भीती. त्याची किंमत मात्र वर्षानुवर्षं वाट पाहून मोजावी लागते. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरला पोचलं, १९९९ मध्ये २५० च्या आसपास होतं, आणि १९८० चा तो आकडा पुन्हा दिसायला २००८ उजाडलं. तोही महागाई न धरता. म्हणून सोनं मी ठेवते, पण वाढीची अपेक्षा त्याच्यावर ठेवत नाही. आपत्ती रोख्यांचं कारण तर बाजारापासून सगळ्यात दूर आहे. त्यात चक्रीवादळ किंवा भूकंप ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की मुद्दल जाऊ शकतं, आणि चक्रीवादळाला शेअर बाजाराची पर्वा नसते. कमोडिटी, म्हणजे तेल-धान्यासारखा माल, घेताना वस्तू घेताय की वायदा, म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेला ठरल्या भावाने माल घेण्याचा करार, हे नीट पाहा. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, कारण मुदत संपत आली होती आणि तेल साठवायला जागा उरली नव्हती. तेलाची गरज पुढेमागे वाढणारच असं धरून त्यात बसलेल्यांचा अंदाज कदाचित बरोबरही असेल, पण वायद्याला तेवढा धीर नसतो.

योजनेच्या माहितीपत्रकात ‘चढउतार फक्त ५ टक्के’ असं दिसलं तर मला सावध व्हावंसं वाटतं. जी किंमत वर्षातून चारदा ठरते ती हलताना दिसणारच नाही. तुमचं राहतं घर रोज विकायला काढलं असतं तर त्याचाही आकडा रोज वरखाली झाला असता. पत्रातून कळवलेली इमारतीची किंमत बाजार कोसळल्यावरही दोन-दोन तिमाही तशीच राहिलेली मी माझ्या हाताने लिहिली आहे. ही शांतता धोका कमी असल्याची खूण नाही. म्हणून विचारा: किंमत कोण ठरवतं, किती दिवसांनी, आणि ठरवणाऱ्याचं स्वतःचं शुल्क त्याच किमतीवर अवलंबून आहे का?

यानंतरचा प्रश्न पैसे कधी परत मिळतात हा, आणि त्यात मी स्वतः चुकले. सात वर्षांची मुदत असलेल्या जमिनीच्या एका योजनेत मी माझ्या बचतीचा चौथा हिस्सा घातला होता. तिसऱ्या वर्षी बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी तातडीने मोठी रक्कम लागली. कागदावर माझा हिस्सा चांगला फुगला होता, पण त्यातला एक पैसा काढता आला नाही. मी पडत्या बाजारात शेअर विकले. ती विक्री आजही माझ्या वहीत लाल शाईने आहे, आणि बहिणीला ते कधी कळू दिलं नाही.

मोठ्यांचीही यातून सुटका होत नाही. २००८ च्या संकटात हार्वर्ड विद्यापीठाचा प्रचंड निधी लांब मुदतीच्या गुंतवणुकींत इतका गुंतला होता की विद्यापीठाला २५० कोटी डॉलरचे रोखे काढून पैसा उभा करावा लागला. जून २००९ ला संपलेल्या वर्षात त्या निधीने सुमारे २७ टक्के गमावले.

तेव्हा कागदावर तिसरा रकाना पाडा: पैसे हातात येईपर्यंतचे दिवस. ‘दर तिमाहीला काढता येतात’ असं लिहिलेलं असलं तरी एका तिमाहीत एकूण किती टक्के काढू देतात ती मर्यादा शोधा. सगळेच दाराशी आले की तीच लागू होते. खर्चाचे निदान दोन वर्षांचे पैसे ताबडतोब मिळतील असे बाजूला निघत नसतील, तर लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येण्याची मुदत, असलेली कुठलीही योजना आज घेऊ नका.

शुल्काचा हिशेब स्वतः करा. २ टक्के वार्षिक शुल्क आणि नफ्यात २० टक्के वाटा ही हेज फंडांची, म्हणजे श्रीमंतांचे आणि संस्थांचे पैसे मोकळ्या हाताने गुंतवणाऱ्या खाजगी फंडांची, जुनी रीत. मूळ परतावा १० टक्के असेल तर २ गेल्यावर ८ उरतात, त्यातून १.६ जातात, हाती ६.४ येतात. दहा वर्षांत १०० चे २५९ व्हायचे ते १८६ होतात.

किती घ्यायचं? सुरुवातीला सगळे पर्याय मिळून १० टक्के, आणि एका योजनेत ३ टक्क्यांच्या वर नाही, असं मी सांगते. हा नियम नाही, माझ्या अनुभवाचा कौल आहे. पण वरची हद्द आधीच लिहून ठेवा, कारण ती आपोआपही ओलांडली जाते. ८० रुपये शेअरांत आणि २० अडकलेले असताना शेअर ४० टक्के पडले तर ४८ आणि २० उरतात. अडकलेला हिस्सा एकही पैसा न घालता २९ टक्क्यांवर जातो, आणि तो कमी करायला विकताही येत नाही.

एकदम सगळं घालू नका, तीन-चार वर्षांत विभागून घाला. प्रायव्हेट इक्विटीसारख्या फंडात तर कबूल केलेली रक्कम ते टप्प्याटप्प्याने मागतात, आणि कधी मागायची हे तेच ठरवतात. मागणी आली आणि पैसे नसले तर दंड किंवा हिस्सा जप्त होण्यापर्यंत वेळ येते, त्यामुळे कबूल केलेले पण अजून न मागितलेले पैसे शेअरांत फिरवू नका.

तो कागद मी वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवते. कोणत्या योजनेची मुदत कोणत्या महिन्यात संपते, करार कुठल्या फायलीत आहे आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे, हे त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं आहे. वही कुठे असते ते आता बहिणीलाही माहीत आहे.